पेटीच्या पलीकडचे

मावशीचे हात कायम कोरडे असायचे. थंडीत बोटांना भेगा पडायच्या. आई चिडून क्रीमची डबी पुढे सरकवायची आणि मावशी तितक्याच शांतपणे ती परत सरकवायची. "चंद्राला चालत नाही," एवढंच म्हणायची.

नवा माणूस हे ऐकून बिचकायचा, आम्हाला सवय होती. मावशी ज्या प्रयोगशाळेत कामाला होती तिथे चंद्रावरून आणलेले दगड होते. त्यांना आपली हवा, आपला ओलावा लागू नये म्हणून काचेच्या आणि पोलादाच्या बंद पेटीत, कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवलेले. पेटीच्या भिंतीलाच जाड रबरी हातमोजे जोडलेले. त्यांत हात घालायचे आणि बाहेर उभं राहून आतलं काम करायचं. संशोधकांनी मागितलेला तुकडा काढायचा, वजन करायचं, डबीत भरायचा. क्रीम, नेलपॉलिश, अंगठी, सगळं बंद. उभा जन्म चंद्र हाताळण्यात गेला, पण उघडं बोट एकदाही लागलं नाही. लग्नाचं विचारणाऱ्या आगाऊ लोकांना ती सांगायची, "अंगठी घालायला परवानगी नाही हो." खरं कारण तिने आम्हालाही कधी सांगितलं नाही.

गल्लीतली मुलं तिला चांदोमावशी म्हणत. चंद्रावर पाणी सापडलं का, असं कुणी विचारलं की ती म्हणे, "आधी आपल्या नळाला सापडू दे."

पेटीवर नेहमी दोघं, समोरासमोर. मावशीच्या समोर जे गृहस्थ असत त्यांचं नाव आमच्या घरात 'पलीकडचे' असंच पडलं होतं. आई ते मुद्दाम लाजून उच्चारायची. मावशी काही ऐकलंच नाही असं दाखवायची. जाड हातमोज्यांतून पकड बसली की नाही ते बोटांना धड कळत नाही. म्हणून दगड एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देताना विचारायचं, "धरला?" समोरून "धरला" असं ऐकू आल्याशिवाय सोडायचा नाही. नुसती मान हलवलेली चालत नाही, कारण नजर दगडावर असते.

ही खोड घरीही आली. चहा देताना मावशी विचारायची, "धरला?" आणि उत्तर येईपर्यंत कप काही सोडायची नाही. आईही हट्टी, ती मुद्दाम तोंड उघडायची नाही. मग दोघी बहिणी एका कपाला दोन बाजूंनी चिकटलेल्या आणि चहा निम्मा बशीत.

आई गेल्यावर ते थांबलं. मी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. मावशीच्या दोन खोल्यांत कप द्यायला कुणी उरलं नाही. पेटीवर मात्र ती दिवसभर विचारायची आणि दर वेळी तिला उत्तर मिळायचं. एवढ्याशा आधारावर ती उभी होती, आणि मला वाटत होतं मावशी मजेत आहे.

मग पलीकडच्यांचे हात कापायला लागले. त्यांनी स्वतःच साहेबांना सांगून टाकलं आणि ते लेकीकडे राहायला निघून गेले. मी फोनवर म्हटलं, "तूही चल आता माझ्याकडे."

"पेटी सोडून कुठे येऊ गं?" ती म्हणाली. "तेवढीच तर आहे."

पुढच्या सुट्टीत मी गेले. दार उघडून तिने माझा गाल कुरवाळला आणि मला गुलाबाचा वास आला. मी तिचा हात धरून पाहिला. मऊ होता.

"मावशी, क्रीम लावलंस?"

"आता चालतं," ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

मी शेजारी बसल्यावर तिने सांगितलं. "पलीकडे नवी मुलगी आली. चांगली आहे, जरा सावकाश बोलते इतकंच. मी विचारलं, धरला? आणि सोडला. तिची पकड अजून बसायची होती."

"उत्तर आल्याशिवाय तू कसा सोडलास?"

"आलं ना उत्तर. मला ऐकू आलं. त्यांच्या आवाजात."

दगड पेटीच्या तळावर पडला होता आणि त्याचा एक कोपरा उडाला होता. "वर युगानुयुगं पडून होता, काही झालं नाही," ती म्हणाली. "माझ्याच हातून व्हायचं होतं." तिला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिचं म्हणणं. तिला मागच्या एका खोलीत डब्यांवर लावायची लेबलं छापायला बसवलं होतं. तिथे ती एकटीच असते.

"त्यांना कळवलंस?"

"काय कळवू? तुमचा आवाज येतो म्हणून?" ती हसली. मग म्हणाली, "जायच्या दिवशी त्यांनी हात मिळवला. गरम होता गं हात. इतकी वर्षं समोर होते, मला कल्पनाच नव्हती."

मी उठून चहा केला. दुसऱ्या दिवशी मला परत जायचं होतं, ते तिलाही माहीत होतं. कप तिच्या पुढे केला, तिने दोन्ही हातांनी घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी विचारलं, "धरला?"

ती कपाकडे बघत राहिली. वाफ आमच्या दोघींच्या बोटांवर येत होती.

"भाजेल गं तुला," ती म्हणाली.

"आधी उत्तर दे."

"धरला," ती हळूच म्हणाली. मग थोडं थांबून, "सोड आता."

मला सोडवेना.