पट्ट्यावरची झीज

नळाची तोटी असो नाहीतर मोटारसायकलचा सायलेन्सर, त्यांच्या दुकानातल्या पॉलिशच्या चाकाखालून गेला की त्यात तोंड दिसे, म्हणून सगळी गल्ली त्यांना आरसेमामा म्हणे. मामांनाही ते आवडे.

एकदा एक बाई चादरीत गुंडाळून रायफल घेऊन आल्या. वारलेला नवरा मानवंदनेच्या पथकात होता. निकेल चढवलेली ही संचलनाची रायफल पथकानं त्याला निरोपाला दिली होती, गोळी कधीच न सुटणारी.

"फक्त गंज काढा. भिंतीवर लावायची आहे."

मामांनी मान डोलावली. गिऱ्हाइकाला काय कळतं, असं म्हणत सगळी रायफल खोलली, घासली आणि नवं निकेल चढवलं.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "नळीवरच्या मधल्या धातूच्या पट्ट्यावरची झीज तशीच ठेवलीय ना? सलामीला त्यांचा हात तिथंच आपटायचा."

"ठेवलीय की."

डबा घासता घासता बायको म्हणाली, "खोटं बोलताना तुमचा आवाज फार गोड होतो."

मामा उठून दुकानात गेले. पॉलिशपेपर घेऊन पट्ट्यावरचं निकेल तळहाताएवढं खरवडलं आणि वर थोडं काळं तेल चोळलं.

दुसऱ्या दिवशी बाई नणंदेला घेऊन आल्या. त्यांनी पट्ट्यावर हात ठेवला. "बघा वन्सं, इथं."

"दादा घरी दारावरसुद्धा असाच थापा मारायचा," नणंद हसली. "दोनदा कडी बदलली आपण."

"दुसऱ्या कुणी पुसून टाकलं असतं, मामा," बाई म्हणाल्या. "तुम्ही जपलंत."

मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"ताई, ते मी काल घासून केलंय."

बाईंचा हात तिथंच राहिला. "मग खरं?"

"चाकाखाली गेलं. तुमच्या फोनच्या आधीच."

नणंद काही बोलणार, तोच बाईंनी तिचं मनगट दाबलं. मग पट्ट्यावरचा हात उचलून पदराला पुसला.

"हे काढा. नवंच करून द्या."

मामांनी स्क्रू काढले, पट्टा घासून टाकीत सोडला. निकेल चढायला अर्धा तास लागतो. दोघी बाकावर बसून राहिल्या. त्यांच्याकडे पाठ करून मामा टाकीपाशी उभे होते. पाणी हवं का, एवढं विचारायलाही त्यांना तोंड राहिलं नव्हतं.