मैत्रेयीच्या खोलीचा फिल्टर

गेल्या रविवारी माझ्या बनारसच्या घरातल्या एअर प्युरिफायरचा दिवा पहिल्यांदा हिरवा झाला... आणि तो बघायला घरात मी एकटाच होतो.

रेल्वेतल्या बदलीमुळे मी इथे भोसले घाटामागच्या गल्लीत भाड्याने राहतो. बायको अनघा आणि लेक मैत्रेयी अकोल्याला. मैत्रेयीला दमा आहे. मागच्या हिवाळ्यात ती इथे आली, गल्लीतल्या शेकोट्यांचा धूर बाधला आणि लगेच परत न्यावं लागलं. "आधी हवेचं काहीतरी कर, मगच आणीन तिला," अनघाने बजावलं होतं.

एका सहकाऱ्याने स्वतःची बदली झाली तेव्हा त्याचं मशीन मला देऊन टाकलं. फक्त फिल्टर बदलायचा होता... म्हटलं, त्यात काय एवढं!

दुकानदार म्हणाला, "सबसे मोटावाला ले जाइए." नेला. मशीन नुसतं घुरघुरायचं, हवा बाहेर येईचना. मग पातळ आणला, तर कडेला बोटभर फट... धूर तिथूनच आत. दिवा लालच.

शेवटी जुना फिल्टर पिशवीत घालून दुकानात गेलो. मशीनचा मॉडेल नंबर, फिल्टरची लांबी-रुंदी, जाडी, सगळं जुळवलं. धुरासाठी कार्बनचा थर असलेलाच मागितला. घरी येऊन बसवला, तो अगदी घट्ट बसला. थोड्या वेळाने दिवा हिरवा!

मैत्रेयीच्या पलंगावर नवीन चादर घातली, फोटो काढला आणि अनघाला पाठवला. उत्तर आलं, "छान झालं रे. पण तिची प्रिलिम आहे... या सुट्टीत नाही जमणार."

तिचं बरोबरच होतं. पण मी बराच वेळ त्या खोलीत उभा राहिलो... रिकाम्या पलंगाला शुद्ध हवा देत.

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू, हातात चुडा-मटारची वाटी. चुडा-मटार म्हणजे आपल्या पोह्यांचाच बनारसी भाऊ. काकूंचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मुलं दिल्लीला गेली, तेव्हापासून त्यांच्या घरात मराठी बोलायला कुणी नाही. जिना चढून त्यांना धाप लागली होती, म्हणून त्यांना त्या खोलीत नेऊन पलंगावर बसवलं.

जरा वेळाने म्हणाल्या, "तुमच्या ह्या कमऱ्यात साँस किती छान येते हो! खाली तर धुव्याने दम घुटतो."

"मग पडा ना थोडं, काकू."

"अहो, मुलीची चादर नवी आहे..." म्हणता म्हणता आडव्या झाल्या आणि चक्क झोपल्या.

इतक्यात मैत्रेयीचा फोन. "बाबा, रागावलास का रे?"

"नाही गं. हळू बोल, काकू झोपल्यात."

"कोण काकू?"

एरवी आमचा फोन 'जेवलास का' आणि 'अभ्यास झाला का' यातच संपतो. त्या दिवशी मी जिन्यात बसून तिला काकूंची मराठी ऐकवली, फिल्टरची सगळी फजिती सांगितली... ती कितीतरी वेळ हसत होती.

काकूंना सांगितलंय, धूर असेल तेव्हा खुशाल वर येत जा. "किती त्रास तुम्हाला," त्या म्हणतात. त्यांना कसं सांगू... दुपारभर या घरात आणखी कुणीतरी श्वास घेत होतं, त्याचं मला काय वाटलं ते.