प्लॅस्टिकचं गांडूळ

अमेरिकेत मला ड्रायव्हिंगच्या आधी मासे धरायचं लायसन्स मिळालं, आणि तेही जन्मात कधी मासा खाल्लेला नसताना. २००४चा उन्हाळा होता. शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या अपार्टमेंटच्या मागे एक तळं होतं. तळं कसलं, पावसाचं पाणी साठावं म्हणून बिल्डरने खणून ठेवलेला मोठा खड्डाच तो. पण इतक्या वर्षांत त्याच्या कडेने लव्हाळं माजलं होतं, एका बाजूला विलोच्या फांद्या पाण्याला टेकल्या होत्या आणि सकाळी सहाच्या सुमाराला पाण्यावर असं धुकं रेंगाळायचं की पलीकडच्या इमारती दिसेनाशा व्हायच्या. त्या अर्ध्या तासात आपण कुठल्या देशात आहोत, कुठला महिना आहे, काही म्हणजे काही कळायचं नाही. मला ते फार आवडायचं.

नवरा कन्सल्टिंगमध्ये. सोमवारी पहाटे विमानाने क्लायंटकडे जायचा तो गुरुवारी रात्री उगवायचा. माझ्या व्हिसावर काम करायला बंदी, गाडी चालवायची भीती, आणि बस नावाची वस्तू त्या भागात नव्हती. माझी संख्याशास्त्रातली पदवी सुटकेसच्या तळाशी पडली होती. अशात मे महिन्यात सासरे नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे त्यांनी आयुष्यभर हाताने काढले. बाबांनी मारलेली रेघ पट्टीलाही लाजवते, असं नवरा लग्नाआधीपासून मला ऐकवत आला होता.

ते आल्याच्या तिसऱ्या दिवशी, सोमवारी, मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि साखरेचा डबा आणायला वळले. मागे बशीवर कप वाजला. बघते तर कप दोन्ही हातांत धरूनही चहा मेजावर सांडत होता.

"पाहिलंस ना?" बाबा म्हणाले. मी मान हलवली.

"त्याला सांगू नको, पोरी. त्याला कळलं तर तो मला परत जाऊ देणार नाही. बाप्पा, तिथं माझं घर आहे. मला माझ्याच घरी राहायचंय."

मी तिथल्या तिथे वचन देऊन बसले आणि रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या. तिथे ते एकटे. गॅस, ओली न्हाणी, जिना. उद्या तिकडे काही झालं तर हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, हे मी नवऱ्याला कुठल्या तोंडाने सांगणार होते? पण शब्द दिला होता. मग दर शुक्रवार ते रविवार आमचं नाटक चालायचं. वरणभात मी आधीच कालवून द्यायची. नवरा उठायच्या आत त्यांचा चहा उरकलेला असायचा. ऐन उन्हाळ्यात बाबा जॅकेट घालून, हात खिशात खुपसून सोफ्यावर बसायचे, आणि नवरा मला कौतुकाने म्हणायचा, "बाबा इकडे येऊन किती रिलॅक्स झालेत ना?" मला हसावं की रडावं कळायचं नाही.

तळ्यावर एक गोरी बाई रोज घडीची खुर्ची टाकून मासे धरत बसायची. शाळेची बस चालवून रिटायर झालेली, कडक, बोलायला तिखट. आम्ही आपसात तिला मावशी म्हणायचो. आम्ही दोघं रोज नुसते फेऱ्या मारतो हे बघून वैतागून की काय, तिने एक जुना रॉड माझ्या हातात दिला आणि जिवंत गांडुळांचा डबा पुढे केला. त्या वळवळीकडे बघूनच माझ्या अंगावर काटा आला. जिवंत जीव गळात ओवायचा? माझ्या हातून ते होणं शक्य नव्हतं.

"मग मासा काय वरणभात खायला येणार आहे?" बाबा म्हणाले.

शनिवारी नवऱ्याला गाडी काढायला लावून मी मोठ्या दुकानात गेले, तिथेच काउंटरवर मासे धरायचं लायसन्स घेतलं आणि प्लॅस्टिकची गांडुळं आणली. जांभळी, लिबलिबीत, वीतभर लांब, आणि पाकीट फोडलं तर लसणाचा वास! माशांना म्हणे तो आवडतो. मी तर रोज फोडणी करूनच तळ्यावर जात होते. माझ्या हातांचाही वास त्याहून फार वेगळा नसणार. बाबांनी त्याचं बारसं केलं : शाकाहारी आमिष.

आमच्या तळ्यात बास होते. हिरवट पाठीचा, कुशीवरून काळा पट्टा गेलेला, डोक्याच्या मानाने भलतंच मोठं तोंड असलेला मासा. फार आळशी आणि फार संशयी. मावशीने आठवडाभरात शिकवलं ते सगळं मला अजून पाठ आहे. पाण्याच्या मधोमध दोरी फेकायचा सोस करायचा नाही. बास काठालाच, लव्हाळ्याच्या कडेला, विलोच्या सावलीत असतो. आपली सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचं, म्हणजे ते गवतात अडकत नाही. फेकल्यावर तरंग विरेपर्यंत थांबायचं. माशाने नुसतं टक् केलं की लगेच हिसका द्यायचा नाही. दोन आकडे मनात मोजायचे, दोरी बाजूला सरकायला लागली की मग रॉड उचलायचा. आणि नियम असा की धरलेला प्रत्येक मासा परत सोडायचा. हा शेवटचा नियम ऐकून माझा जीव भांड्यात पडला. आयुष्यभर रोहू आणि मरळ चापून खाल्लेल्या बाबांचं तोंड मात्र उतरलं.

पण मुख्य अडचण वेगळीच होती. जिवंत गांडूळ पाण्यात आपलं आपण वळवळतं. प्लॅस्टिकच्या गांडुळात जीव आपल्याला घालावा लागतो. ते तळाशी टेकवायचं, जागेवरून न हलवता रॉडच्या टोकाने अगदी बारीक थरथरवायचं. मी थरथरवायला गेले की तळाशी भूकंप व्हायचा. तीन आठवडे मला गवताशिवाय काही लागलं नाही. बाबा खिशात हात घालून शेजारी बसायचे आणि माझ्या प्रत्येक फेकीवर शेरा मारायचे.

जूनच्या मध्यावर एका सकाळी माझ्या बुटाची नाडी सुटली. गळ नुकताच पाण्यात पडला होता. मी न विचारताच रॉड त्यांच्याकडे दिला. त्यांनी घाबरून तो दोन्ही हातांनी धरला. धुकं अजून उठलं नव्हतं. नाडी बांधताना माझं लक्ष रॉडच्या टोकाकडे गेलं. ते हलत होतं. इतकं बारीक, इतकं सारखं, की दोरी पाण्याला जिथे शिवत होती तिथे छोटी छोटी वर्तुळं उमटत होती. मग वर्तुळं थांबली आणि दोरी हळूच डावीकडे निघाली.

"पोरी, हे कोण ओढतंय गं?"

"दोन मोजा, बाबा! मोजा आणि उचला!"

मासा पाण्याबाहेर आला तेव्हा आम्ही दोघंही ओरडत होतो. मावशी खुर्चीतून न उठता सूचना देत होती. हात आधी ओला करा, कोरड्या हाताने माशाचं अंग सोलतं. अंगठा खालच्या ओठात घाला, घाबरू नका, त्याचे दात पॉलिश पेपरसारखे असतात. बाबांनी अंगठा घातला. कुणी असा ओठ धरल्यावर बास एकदम शांत होतो. त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि मग काठावर उकिडवे बसून पाण्यात धरून ठेवलं, त्याला पुन्हा दम येईपर्यंत. पाण्यात हात असताना कंप दिसत नव्हता. मासा निघून गेल्यावरही त्यांनी हात बाहेर काढला नाही.

त्या आठवड्यात त्यांना तीन मासे लागले. तिसऱ्या वेळी मावशी म्हणाली, "ही थरथर मला जमावी म्हणून मी तीस वर्षं धडपडतेय." बाबांनी इंग्रजी न कळल्यासारखा चेहरा केला. घरी पोह्यांची बशी पुढे आल्यावर मात्र विचारलं, "ती बाई काय म्हणाली गं?" त्यांना शब्द न् शब्द कळला होता. मी मराठीत सांगितलं. अर्ध्या तासाने त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं.

मग जुलै, ऑगस्ट. त्या दिवसांची माझ्याजवळ वेगवेगळी आठवण नाही. सगळ्यांची मिळून एकच लांब सकाळ झाली आहे. चतुर रॉडच्या टोकावर येऊन बसायचे आणि त्यांनाही जराजरासा झोका मिळायचा. कधी एखादा बगळा आमच्याइतकाच वेळ उभा राहून आमच्याआधी निघून जायचा. ढगाळ दिवस, हलका वारा, पाणी जरा सुरकुतलेलं असलं की मासे लागायचे. लख्ख ऊन पडलं की आम्ही आपले बसून राहायचो. बाबा बोलायचे. कुठल्याशा धरणाच्या जागेची पाहणी करताना खाटेवर झोपून बघितलेलं आभाळ, सासूबाईंनी रागाने परत पाठवलेली साडी. मध्येच गप्प व्हायचे. मी डोळे मिटायची आणि पाण्याचा वास घ्यायची. नोकरी नाही, गाडी नाही, मैत्रिणी नाहीत हे सगळं खरं होतं, पण त्या तासांपुरतं ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं. खोटं कशाला बोलू, मी सुखात होते.

शनिवार-रविवारी मात्र बाबा तळ्यावर पाऊल टाकायचे नाहीत. "शनिवारी मासे झोपतात," असं त्यांनी मुलाला ठणकावून सांगितलं होतं. नवरा फोनवर माशांचे आकडे ऐकून चकित व्हायचा आणि घरी आला की त्याला फक्त जॅकेट घातलेले बाबा दिसायचे. त्यांचं परतीचं विमान ऑक्टोबरच्या मध्यावर होतं. सप्टेंबरअखेरच्या एका शनिवारी नवरा स्वतःसाठी नवाकोरा रॉड घेऊन आला. "आता तीन वीकेंड राहिलेत. आज मी काही ऐकणार नाही," म्हणाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणायला आम्हा दोघांनाही कारण सुचलं नाही.

हवेत गारठा होता, विलोची पानं पिवळी पडून पाण्यावर तरंगत होती. सुरुवातीला बाबांनी गळ टाकलाच नाही. रॉड मांडीवर ठेवून बसले. पण दहा मिनिटांत त्यांच्याने राहवेना. दहा वर्षांचं मूल मिठाईच्या दुकानासमोर किती वेळ गप्प बसेल? त्यांनी लव्हाळ्याच्या कडेला गळ सोडला, आणि बघता बघता एक मासा लागला. मग दुसरा. नवरा शेजारी उभा राहून फेकतोय, ओढतोय, पुन्हा फेकतोय. त्याला काही नाही. तेच गांडूळ, तीच जागा. शेवटी तो आपला रॉड गवतात ठेवून बापाशेजारी मांडी घालून बसला.

"बाबा, यार, तुम्ही नक्की कसं हलवता? मला शिकवा ना."

बाबांनी दोरी गुंडाळली. मी पाण्याकडे बघत राहिले. ते आता काहीतरी थाप मारतील, मासे तुला ओळखत नाहीत वगैरे म्हणतील, अशी मी वाट बघत होते. मनातल्या मनात मीच त्यांना थापा पुरवत होते.

"मी हलवत नाही," बाबा म्हणाले. "हात हलतो."

त्यांनी रॉड खाली ठेवला आणि उजवा हात मुलासमोर धरला. नुसता, उघडा, सकाळच्या उजेडात. नवऱ्याने त्या हाताकडे बघितलं. त्याचा चेहरा मला आजही आठवतो, आणि आजही तो आठवू नये असं वाटतं.

"कधीपासून?"

"तुझी आई होती तेव्हापासून."

"आणि मला काहून नाही सांगितलं?" एरवी पुण्या-मुंबईच्या मित्रांत बोलून बोलून गुळगुळीत झालेली त्याची भाषा एका क्षणात घरी गेली.

"सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, जाऊ नका. मला जायचंय रे. पडलो तर तिथं पडीन."

मग नवऱ्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याने तो थांबवायचा प्रयत्न केला नाही; नुसता धरून बसला, आणि त्याचे हातही त्याबरोबर हलत राहिले.

"सोमवारी डॉक्टरकडे जायचं," तो म्हणाला. "मी येतो. कामावर सांगतो. आणि तिकीट कॅन्सल करणार नाही. पण तिकडे सोबतीला माणूस ठेवायचा, आणि फोनवर खरं सांगायचं. बरा आहे, बरा आहे, करायचं नाही."

"हाव," बाबा म्हणाले. आणि लगेच, "माणूस चांगला स्वयंपाक करणारा पाहिजे पण."

परतताना बाबा पुढे चालत होते. त्यांनी जॅकेट काढून खांद्यावर टाकलं होतं. आम्ही दोघं रॉड घेऊन मागे.

"तुला माहीत होतं," नवरा म्हणाला. विचारलं नाही त्याने, सांगितलं.

"हो. मे महिन्यापासून."

आता हा चिडणार, आणि त्याला पुरेपूर हक्क आहे, असं मी धरून चालले होते. उत्तर म्हणून काय काय बोलायचं ते मी पाच महिने जुळवून ठेवलं होतं.

"बरं झालं," तो म्हणाला. "इथं तरी त्यांच्याजवळ कुणी होतं."