साळुबाईंची बोटं

१४ डिसेंबर, रविवार. वारूळवाडी. शेजारच्या साळुबाई आणि त्यांचा आदेश चहाला आले. आदेशने आपली पहिली रेकॉर्ड आणली.

टोमॅटो तोडायला जाऊन साळुबाईंनी लेकाला वाढवलं. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट शिकलेला तो मुलगा आता पुण्याच्या नाइटक्लबमध्ये जॅझ वाजवतो. गेल्या महिन्यात तिथेच रेकॉर्डिंग झालं. आम्ही दोघी पुढच्याच टेबलावर होतो. त्याचा शेवटचा सूर विरला, सगळे गप्प होते, आणि साळुबाईंनी बसल्या जागेवरूनच त्याच्या दिशेनं हात ओवाळून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. माइक शेजारीच होता. तेव्हापासून त्यांना एकच घोर, "बाई, माझ्यामुळं पोराची रेकॉर्ड नासली."

आज माझ्या जुन्या प्लेअरवर ती लावली. सूर संपला आणि बोटांची कडकड स्पष्ट ऐकू आली. साळुबाईंनी तोंडाला पदर लावला.

"काढलं न्हाई व्हय रं ते?"

"काढणार व्हते, मीच न्हाई काढू दिलं. आये, आता जितक्यांदा वाजंल तितक्यांदा माझी दृष्ट निघंल!"

"लई शाना झालास," म्हणत त्यांनी पुन्हा बोटं मोडली आणि मला म्हणाल्या, "बाई, परत लावा की."

पुन्हा ऐकण्याच्या नादात चहाचं दूध उतू गेलं. विरजणाला उरलं नाही.