ताईनं अंगावर काढलं

रक्ताच्या कॅन्सरला आवर घालणारं एक प्रथिन आपल्या पेशींत असतं. त्याचा स्फटिक करण्यात माझी चार वर्षं गेली. शेवटी एका थेंबात मिठाच्या कणाएवढे चार खडे धरले. त्यांच्यावर क्ष-किरण टाकले की आत कोणता अणू कुठे बसलाय ते काढता येतं. मी पुण्यात हे करत होतो आणि शेलूबाजारला माझी मोठी बहीण दिसेल त्याला सांगायची, "माहा भाऊ कॅन्सरवर काम करते."

ज्या सकाळी ते खडे उचलून गोठवायचे होते, त्याच सकाळी ताईनं दंडाचा फोटो धाडला. निळेजांभळे डाग. "कुठी आपटली नाही न् काही नाही. हे काय व्हय रे? थकवाबी लय येते." माझा एक डोळा सूक्ष्मदर्शकावर. हातमोजा काढून एका बोटानं लिहिलं, "रक्त कमी असन. गूळ-शेंगदाणे खा." वा रे शहाण्या!

भाऊजी तिला दवाखान्यात चल म्हणत होते. ती म्हणे, "भावानं सांगतलं ना? आता अजून कोणाले इचारू?" दीड महिना तिनं नेमानं गूळ-शेंगदाणे खाल्ले. इकडे प्रथिनाची रचना उलगडली, आम्ही पेढे वाटले. त्याच आठवड्यात ताईच्या हिरड्यांतून रक्त थांबेना, म्हणून तिला जीपमध्ये घालून अकोल्याला नेलं. रक्ताचा कॅन्सर निघाला.

मी पोचलो. तिनंच हट्ट केला म्हणून लॅपटॉपवर ते रंगीत चित्र दाखवलं. "हे बिघडलं का पेशीचा ब्रेक जाते, ताई."

"कुठी बिघडते ते दिसते ना तुले? मंग बसव ना जागेवर."

"दिसते. बसवता नाही येत."



तेवढ्यात डॉक्टर आले. "इतके दिवस काय केलं? कोणालाच दाखवलं नाही?" भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायला हवं होतं.

"सोयाबीनची सोंगणी होती, साहेब," ताई म्हणाली. "मीच अंगावर काढलं. कोणाले सांगतलंच नाही."

डॉक्टर तिच्यावरच चिडले. ती खाली मान घालून ऐकत राहिली आणि मी शेजारी उभा राहून तिला ऐकू दिलं.

पंधरा दिवसांत ती गेली. गावात अजून बायका म्हणतात, "लय हयगय केली बाईनं सोताची." मी मान डोलावतो.