खड्ड्यातलं विरजण

तळहातावर चार थेंब घ्यायचे, दोन्ही हात खसाखसा चोळायचे आणि ओंजळीत नाक खुपसून डोळे मिटायचे. आयुष्यात रमचा घोट न घेतलेला हा माणूस एवढ्यावर निकाल द्यायचा. "अजून कच्ची हाय." मग तुम्ही बी.एस्सी. असा नाहीतर आणखी कुणी, पिंपाला हात लावायचा नाही.

कल्याणच्या खाडीकाठी आमची डिस्टिलरी होती. मी तिथला केमिस्ट, हा भट्टीवरचा मुकादम. बापजादे मिठागरात राबलेले. हा मात्र तरुणपणी बोटीवर खलाशी झाला, जमैकात आजारी पडून मागे राहिला आणि वर्षभर तिथल्या रमच्या भट्टीवर काम करून परतला. सगळे त्याला तांडेल म्हणत. वेस्ट इंडीजचा संघ मुंबईत खेळायला आला तेव्हा आम्ही धावांची चौकशी करत होतो, आणि हा विचारत होता की त्यांच्याकडे यंदा ऊस कसा आहे ते पेपरात आलंय का.

साखर कारखान्याची मळी पाण्यात आंबवायची, तांब्याच्या भांड्यात तापवायची, वाफ थंड करून पिंपात भरायची, एवढं माझ्या पुस्तकातही होतं. पण भांड्यात उरलेलं काळं आंबट पाणी तांडेल फेकू देत नसे. ते आवारामागच्या खड्ड्यात जाई. त्यात तो सडकी केळी नि फणसाची चारखंडं, म्हणजे काटेरी सालं, टाकी आणि वर्षानुवर्षं कुजत ठेवी. त्यातलं थोडं पुढच्या मळीत घालायचं. "हे आपलं विरजण. वास यातून येतो." त्या वासापायी आम्ही जेवणाचा डबा वाऱ्याची दिशा बघून उघडायचो.

मग दारूबंदी आली. पलटणीच्या कँटीनला मात्र परवान्यावर रम चालणार होती. आपल्या सरकारचा हा हिशेब मला आजतागायत कळलेला नाही. आमच्या ताज्या मालाचा नमुना लष्कराने पसंत केला तर रम चालू राहणार होती. नाहीतर नुसतं पॉलिशचं स्पिरिट काढायचं, आणि त्याला तांडेलची गरज नव्हती. मॅनेजरने हे त्याला तोंडावर सांगितलं.

नमुन्याआधी लष्कराची तपासणी होती. तांडेल भाचीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर गेला. मला त्या खड्ड्याची लाज वाटायची. साहेब लोक येणार आणि मागे ही घाण! मी खड्डा उपसून घेतला, ब्लीचिंग पावडर ओतली आणि धुऊन लख्ख केला. शिकलेल्या माणसाचा गाढवपणाही शास्त्रशुद्ध असतो.

तांडेल आला. खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. मी जंतूंविषयी बोलू लागलो.

"पावडर किती टाकली, सायब?"

"दोन पोती."

पिंपांच्या बुडाचा गाळ खरवडून, केळी कुजवून त्याने नवं विरजण लावायची पराकाष्ठा केली. पण वर्षांचं काम पंधरवड्यात होतंय थोडंच! नमुना गेला आणि परत आला. शेरा होता, वास नाही.

मला वाटलं, आता हा माझ्यावर ओरडेल, मॅनेजरला सांगेल. मी चार रात्री उत्तरं घोकली. कुणी काही विचारलंच नाही. तांडेलला काढून टाकलं आणि मी, खरं सांगतो, हुश्श केलं.

तीन वर्षांनी जुनी फाइल चाळताना एक कागद दिसला. कारकुनाच्या अक्षरात लिहिलेला, खाली तांडेलचा अंगठा. 'खड्डा माझ्या सांगण्यावरून साफ केला. केमिस्टसाहेबांचा यात दोष नाही.' मला भयंकर राग आला. कुणी सांगितली होती ही उठाठेव? चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो तरी असतो.

त्याच रविवारी त्याच्या गावी गेलो. सुनेने दार उघडलं. सासरे जाऊन सहा महिने झाले, म्हणाली. मी डिस्टिलरीतला केमिस्ट, असं सांगितलं तशी तिने घाईने घोंगडी अंथरली.

"बाबांनी सांगून ठेवलेलं, सायब आले तर चहाबिगर सोडू नका," ती म्हणाली. "पयल्या वर्षी तर दर रविवारी दूध जास्त घ्यायला लावायचे."