काळ्या दलदलीतला पक्षी

एमरिस प्यू उभ्या आयुष्यात ठळक असं खोटं एकदाच बोलला, आणि तेही एका पक्ष्यावरून.

माणूस साधासुधा नव्हे. आमच्या नान्टग्लासच्या चॅपलचा, म्हणजे गावच्या छोट्या चर्चचा, डीकन; पाळकाच्या खालोखाल त्याचाच मान. उपदेशपीठाच्या पायथ्याशी जे मोठं आसन असतं, तिथे बसणारा. तो लांबलचक प्रार्थनेला उभा राहिला की मागच्या बाकांवरच्या बायकांचा जीव घरी ओव्हनमध्ये ठेवलेल्या मटणात अडकायचा. आवाज गंभीर, डोळे मिटलेले, आणि दर रविवारी ठरलेलं वाक्य : "प्रभू, आकाशातल्या पाखरांसाठी आणि रानातल्या फुलांसाठी तुझे उपकार मानतो." कुठली पाखरं, कुठली फुलं, हे त्याला कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याच्याही मनात ते आलं नव्हतं. जन्मभर त्याने दुधाचा टँकर चालवला. डोंगर त्याला ठाऊक होता तो काचेतून. कुठल्या फाटकाशी टँकर वळतो आणि कुठे रुततो, एवढाच.

त्याची बायको मायर मात्र त्या डोंगरावरच वाढलेली. मागच्या उन्हाळ्यात रानबोरं वेचता वेचता घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि हेलिकॉप्टरच्या रुग्णवाहिकेने तिला उचलून नेलं. "जन्मात एकदा उडाले, तेही डोळे मिटून," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. आता दोन काठ्या, आणि खिडकीजवळची खुर्ची. म्हणून त्या हेलिकॉप्टरसाठी वर्गणी जमवायला चॅपलने डोंगर ओलांडून समुद्रापर्यंत चालत जायचं ठरवलं, तेव्हा मायरने नवऱ्याला न विचारताच त्याचं नाव देऊन टाकलं.

"त्यांनी मला उचलून नेलं," ती म्हणाली. "तू निदान चाल."

सराव सुरू झाला. सोबतीला मायरची धाकटी बहीण नेस्टा, जिची जीभ पायांपेक्षा वेगाने चालायची.

"दाजी, जरा पाय उचला. मागून वासरं येताहेत."

"येऊ देत. मी काय त्यांना भितो?"

"तुम्ही नाही हो, पण त्यांना वाटतंय तुम्ही चारा घेऊन आलात. बाकी तुमच्या अंगावरचा कोट पाहून मलाही तसंच वाटलं."

घरी आला की खिडकीतून मायरचा पहिला प्रश्न : "काय पाहिलंस?"

"गवत," एमरिस बूट काढत म्हणायचा.

"आणखी?"

"ओलं गवत."

मायरचा चेहरा उतरायचा. एका संध्याकाळी तिने हळूच विचारलं, "काळ्या दलदलीवरून गेलास ना? गल्विनिर ऐकलास का रे?"

गल्विनिर म्हणजे लांब, खाली वाकलेल्या चोचीचा पाणपक्षी. वसंतात समुद्रावरून डोंगरात अंडी घालायला येतो, आणि त्याची शीळ पाण्यातून बुडबुडे यावेत तशी वर वर चढत जाते. मायरच्या लहानपणी डोंगरावरची ती दलदल त्याने भरलेली असायची. गेली काही वर्षं तो कोणी ऐकला नव्हता.

एमरिसने तिच्याकडे पाहिलं. ती खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून अर्धी उठली होती.

"ऐकला," तो म्हणाला.

त्यासरशी मायर जी रडायला लागली! मग हसायला लागली. मग तिने केक कापला, जो रविवारसाठी ठेवला होता. एमरिसने दोन तुकडे खाल्ले आणि त्याला चव लागली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो. पण मायरने ते चॅपलच्या बायकांच्या सभेत सांगितलं. सभेतून ते पाळकबाई केरिसच्या कानी गेलं. रविवारी केरिसबाई उपदेशपीठावरून म्हणाल्या, "आपले बंधू एमरिस यांना प्रभूने एक खूण ऐकवली आहे. चालण्याच्या दिवशी आपण काळ्या दलदलीपाशी थांबू, बंधू एमरिस उपकारस्तुती करतील, आणि मग सगळे गप्प राहून तो पक्षी ऐकू."

मोठ्या आसनावर एमरिस खाली मान घालून बसला होता. लोकांना वाटलं, काय ही नम्रता.

त्या दिवसापासून तो नेस्टाला न सांगता पहाटेच निघू लागला. दलदलीच्या काठी दगडावर बसायचा, कानामागे हात धरायचा. समोरून चंडोल वर चढायचा, गात गात, दिसेनासा होईपर्यंत. "प्रभू, चंडोल नको," एमरिस म्हणायचा. "चंडोल पुष्कळ झाले." ससा यायचा, कान वर करून त्याच्याकडे बघत राहायचा. झुडपातून कुकू ओरडायची. एकदा चक्क डोक्यावरच्या आकाशात शेळी ओरडली. एमरिस दगडावरून पडता पडता वाचला. डोळ्यांवर हात धरून पाहतो तर पाणलावा! हा पक्षी उंच जाऊन खाली झेपावतो, आणि त्याच्या शेपटीच्या पिसांतून वारा घुसून तसा आवाज निघतो. एमरिस त्या झेपा बघत राहिला आणि घरी यायला उशीर झाला. सगळं येत होतं. एकटा गल्विनिर येत नव्हता.

"आज पुन्हा ऐकलास?" मायर विचारायची.

"आज वारा होता," तो म्हणायचा. म्हणजे वारा खरंच असायचा.

चालण्याचा दिवस उजाडला. मायर गाडीतून पुढे समुद्रावर गेली, चहाचं मोठं पातेलं घेऊन. बाकीचे काठ्या टेकत, एकमेकांच्या बुटांना नावं ठेवत डोंगर चढले. दलदलीपाशी केरिसबाईंनी हात वर केला. सगळे थांबले. पुरुषांनी टोप्या काढल्या.

एमरिस पुढे झाला. डोळे मिटले. "प्रभू," त्याने सुरुवात केली, "आकाशातल्या पाखरांसाठी..."

आणि थांबला. कोणीतरी खोकलं. कोणाच्या तरी पोटात गुरगुरलं.

"प्रभू," तो म्हणाला, या खेपेला साध्या आवाजात, दुधाचं भांडं सांडलं की गवळ्याशी बोलावं तशा, "मी तो ऐकला नाही. मी मायरशी खोटं बोललो. ती इतक्या आशेने उठली होती की माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. आता ही सगळी माणसं टोप्या काढून उभी आहेत. आमेन."

दलदलीत पांढऱ्या बोंडांचं गवत डुलत होतं. गल्विनिर आताही ओरडला नाही.

शेवटी नेस्टा म्हणाली, "दाजी, ताईला हे कोण सांगणार?"

"मीच. पण तुम्ही सगळे तिथे पोचायच्या आत."

"मग पळा! पायाला फोड आले असतील तर फोडांसकट पळा. यांना मी अडवते."

आणि तिने अडवलंही. सगळ्यांना तिथेच उभं करून तिने आमच्याकडचं सगळ्यात लांब भक्तिगीत काढलं, कडव्यांवर कडवी असलेलं. आमच्या लोकांचा एक गुण आहे : चार सुरांत गायला सुरुवात झाली की घराला आग लागली तरी गीत संपल्याशिवाय हलायचं नाही. केरिसबाईंनी एकदा घड्याळ पाहिलं, मग त्याही खालच्या सुरात सामील झाल्या.

एमरिस लंगडत, घसरत, एका कुंपणाला कोटाची बाही अर्पण करून समुद्रावर पोचला. मायर पातेल्याशी एकटीच होती. उभ्या उभ्याच त्याने सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. मग पाण्याकडे पाहत म्हणाली, "म्हणजे तो आलाच नाही."

"नाही."

"आणि मी गावभर सांगत सुटले. बायकांपुढे त्याची शीळही घालून दाखवली!" तिने पातेल्यावरचं झाकण धाडकन आपटलं. "चहा मागू नकोस."

"नाही मागत."

तो बाजूच्या दगडावर बसला. लाट आली, गेली.

"मग इतक्या पहाटे तिथे जाऊन करत काय होतास?" तिने विचारलं, त्याच्याकडे न बघता.

"बसायचो. आकाशात शेळी ओरडायची."

"एमरिस!"

"अगं, पाणलावा. वरून झेपावतो, तेव्हा शेपटीतून."

"हे तरी खरं ना?"

"खोटं बोलायचं असतं तर शेळी कशाला सांगितली असती?"

मायरचा ओठ हलला. तिने एक काठी पातेल्याला टेकवून ठेवली, दुसरीवर हनुवटी टेकली. "बोल. पहिल्यापासून. एकही पाखरू गाळायचं नाही, आणि नसलेलं एकही घालायचं नाही."

एमरिस सांगू लागला. फाटकाजवळच्या काटेरी झुडपांवरची पिवळी फुलं, त्यांना येणारा खोबऱ्यासारखा वास; ससा, त्याचा दुमडलेला डावा कान; ओढ्यातल्या दगडावर बसून सारखा वाकून नमस्कार करणारा काळा पक्षी. त्याचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. मायरने ते सांगितलं आणि म्हणाली, "पुढे."

तेवढ्यात टेकडीवरून मंडळी गात गात उतरली, घशाला कोरड पडलेली, चहासाठी आसुसलेली. सगळ्यात पुढे नेस्टा, बहिणीचा चेहरा वाचायला डोळे बारीक केलेली.

मायरने काठी उगारली. "जरा गप्प बसा रे सगळे. हा अजून ओढ्यापर्यंतच आलाय."